क्रिमिनल जस्टिस : माधव मिश्रांचं कोर्ट आणि आपलं सत्र न्यायालय

रोजनामा (धागाकर्ता)

हॉटस्टारवर ‘क्रिमिनल जस्टिस’चं पहिलं पर्व २०१९ साली आलं आणि चौथं २०२५ साली. मूळ मालिका बीबीसीची, २००८ची, पीटर मोफॅट यांनी लिहिलेली. तिचंच अमेरिकी रूप ‘द नाइट ऑफ’ २०१६ साली एचबीओवर येऊन गेलं. पंकज त्रिपाठींच्या अभिनयावर पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे तो विषय इथे बाजूला ठेवू. हा धागा बचावाच्या वकिलाच्या कामाबद्दल आहे. मुंबईत घडणाऱ्या या गोष्टीत ते काम कुठे खरं दिसतं, कुठे निसटतं आणि प्रत्यक्षात ते कसं चालतं, यावर बोलू.

माझं म्हणणं असं की बचाव पक्षाची केस युक्तिवादाच्या दिवशी घडत नाही. ती पहिल्या चोवीस तासांत आणि पुढे दोषारोपपत्राच्या कागदांत घडते किंवा बिघडते. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीला मालिकेला हे पक्कं ठाऊक आहे. खुनाचा आरोप असलेला आदित्य पोलीस स्टेशनात बसलाय, काय बोलावं ते त्याला कळत नाही, आणि वकील माधव मिश्रा त्याला सांगू पाहतो की आधी गप्प राहा. सगळ्या पर्वांत हा भाग मला सर्वात खरा वाटतो.

पहिल्या रात्री वकिलाने नेमकं काय करायचं असतं?

अटकेची खरी वेळ पकडायची. आरोपीला ठाण्यात आणलं रात्री दोनला आणि अटक दाखवली सकाळी दहाला, तर मधले आठ तास कागदावर नसतात. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची मुदत मात्र अटकेपासून मोजली जाते. म्हणून आरोपीला उचलल्याची वेळ, पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद आणि नातेवाइकाला कळवल्याची वेळ या तिन्ही गोष्टी त्याच रात्री टिपून ठेवायच्या. सीसीटीव्ही असेल तर ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच रिमांडला द्यायचा, कारण रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग अर्ज देऊन उपयोग नसतो.

मग वैद्यकीय तपासणी. आरोपीच्या अंगावर ओरखडे आहेत की नाहीत, हाताला जखम आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं असतं. चाकूने अनेक वार करणाऱ्याचा हात रक्ताने निसरड्या मुठीवरून घसरून स्वतःलाच कापण्याची शक्यता असते. हात साफ असेल तर त्याची नोंद डॉक्टरांच्या कागदावर झालीच पाहिजे. पंधरा दिवसांनी केलेल्या तपासणीत ते कळत नाही.

त्यानंतर रिमांड. पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवस मागितला यापेक्षा रिमांड अर्जात कारणं काय लिहिली आहेत ते बघायचं. ‘हत्यार जप्त करायचे आहे’ असं लिहिलंय आणि हत्यार आधीच अंगझडतीत मिळालंय, तर कारणातली हवा निघाली. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ डमध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३८मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही, पण भेटता येतं, आणि हा अर्ज लेखी द्यावा.

शेवटचं, तारखांचा हिशेब. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलंय. पण अर्ज आधी पडला पाहिजे. दोषारोपपत्र सकाळी दाखल झालं आणि अर्ज दुपारी, तर हक्क गेला. दिवस भरल्यावर कोर्ट उघडताच अर्ज, सोबत जामीनदार तयार.

१ जुलै २०२४पासून, म्हणजे ही नवी संहिता लागू झाल्यापासून, पीसीआरच्या नियमातही फरक पडलाय. पंधरा दिवस आता सलग घ्यावे लागत नाहीत. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की पोलिसांचा ताबा संपला, हे गृहीत धरता येत नाही.

---

सावरी

उत्तम धागा. एक शंका. ‘द नाइट ऑफ’मध्ये आरोपीपुढे सौदा ठेवला जातो: कमी गुन्हा कबूल कर, पंधरा वर्षांत सुटशील. आपल्याकडच्या मालिका-सिनेमांतही हल्ली ‘डील’ हा शब्द सर्रास येतो. खुनाच्या खटल्यात इथे असं होऊ शकतं का?

---

निशाणी

नाही. तडजोडीने शिक्षा ठरवण्याची तरतूद आपल्याकडे २००६पासून आहे, पण ती सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरती. स्त्रियांविरुद्धचे आणि चौदा वर्षांखालील मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातूनही वगळलेले आहेत. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, त्यामुळे तिथे हा मार्गच बंद. सरकारी वकिलाला ‘तीनशे दोन सोडतो, तीनशे चार घ्या’ असं म्हणण्याचा अधिकार नाही.

आरोप ठेवताना ‘गुन्हा कबूल’ म्हणता येतं, पण त्यावर दोषी ठरवायचं की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर असतं. खुनात नुसत्या कबुलीवर न थांबता पुरावा घेण्याकडेच कल असतो.

खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर (खुनापेक्षा कमी गंभीर गुन्ह्यावर) आणायचा तर तो पुराव्यातून आणावा लागतो. वार किती, कुठल्या भागावर, हत्यार सोबत आणलेलं की जागेवर सापडलेलं, भांडण अचानक पेटलं की आधीपासून होतं. हे डॉक्टर, पंच आणि प्रत्यक्षदर्शी यांच्या उलटतपासात कणाकणाने गोळा करायचं आणि शेवटी युक्तिवादात मांडायचं. म्हणून खुनाच्या खटल्यात बचावाची दिशा पहिल्या साक्षीदाराआधी ठरलेली लागते. ‘मी तिथे नव्हतोच’ आणि ‘मी होतो, पण हेतू नव्हता’ या दोन नावांत एकदम पाय ठेवता येत नाही.

---

लाल_दोरा

+१. यात उलटतपासातल्या सूचनांचा मुद्दा जोडतो. साक्षीच्या शेवटी बचावाचे वकील सूचना घालतात, म्हणजे आपली बाजू प्रश्नाच्या रूपात साक्षीदारापुढे ठेवतात, आणि साक्षीदार ती नाकारतो. रेकॉर्डवर ठरलेल्या साच्यात येतं: ‘हे म्हणणे खोटे आहे की मी आरोपीस घटनास्थळी पाहिले नाही.’ नवखे वकील या सूचना घाईत घालतात. ‘हे खरे आहे का, की आधी मयताने आरोपीवर हात उचलला?’ अशी सूचना घातली की आरोपी तिथे हजर होता हे आपणच मान्य केलं. बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बचावाच्या वकिलाने घातलेली सूचना आरोपीविरुद्ध जाऊ शकते. खाजगी बचावाची (स्वसंरक्षणाची) भूमिका घ्यायची असेल तर ती सूचना हवीच. ‘नव्हतोच’ ही भूमिका असेल तर ती सूचना म्हणजे आत्मघात.

---

रोजनामा

@लाल_दोरा, अगदी. मालिकेचा उत्तरार्ध सैल वाटतो तो इथेच. तिथे उलटतपास म्हणजे आवाज चढवून साक्षीदाराला रडवणं. खऱ्या उलटतपासात साक्षीदार बहुधा शांत असतो, वकीलही शांत असतो, आणि न्यायाधीश स्टेनोला वाक्य सांगतात तेव्हा नेमका कोणता शब्द उतरला याकडे दोघांचं लक्ष असतं.

पोलिसांपुढच्या जबाबातली उणीव सिद्ध कशी करतात ते तपशिलात लिहितो. पटकथा लिहिणाऱ्यांनाही उपयोग होईल.

समजा शेजारी कोर्टात सांगतो, ‘रात्री सव्वाबाराला आरोपी जिन्यावरून पळताना दिसला.’ पोलिसांच्या जबाबात पळताना दिसल्याचा उल्लेखच नाही. तो जबाब सहीविना असतो, स्वतंत्र पुरावा नसतो, पण साक्षीदाराला खोडून काढायला वापरता येतो.

पहिली पायरी, साक्षीदाराला जबाबाशी बांधून घ्यायचं. पोलिसांनी जबाब घेतला, घटनेनंतर दुसऱ्या दिवशी घेतला, वाचून दाखवला, तो बरोबर होता. चार साधे प्रश्न, चारही उत्तरं ‘होय’.

दुसरी पायरी: ‘आरोपी पळताना दिसला हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ तो म्हणेल, ‘सांगितलं होतं.’

तिसरी: ‘जबाबात तसं लिहिलेलं नाही.’ मग रेकॉर्डवर ते वाक्य येतं जे प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतं: ‘माझ्या जबाबात तसे का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’

बरेच जण इथे थांबतात, आणि चुकतं ते इथेच. उणीव अजून अर्धीच सिद्ध झालेली असते. तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याला विचारावंच लागतं, ‘या साक्षीदाराने पळताना पाहिल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का?’ तो म्हणतो, ‘मला तसे सांगितले नाही.’ आता पुरं झालं. अंमलदाराला विचारायचं राहिलं तर अपिलात त्या उणिवेचा काही उपयोग नाही.

विसंगती असेल, म्हणजे जबाबात एक आणि कोर्टात दुसरंच, तर तो नेमका मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि त्याला ‘भाग अ’ अशी खूण करतात. साक्षीदार नाकारतो. नंतर अंमलदार म्हणतो की भाग अ साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला, आणि मग त्या भागाला निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाचा क्रमांक) मिळतो. कोणती उणीव महत्त्वाची आणि कोणती किरकोळ, याचा पाया १९५९च्या तहसीलदार सिंग निकालात आहे. शर्टाचा रंग राहिला तर किरकोळ. आरोपीच दिसल्याचं राहिलं तर साक्षीचा कणाच गेला.

आणि एक पथ्य. ‘कारण सांगता येणार नाही’ हे उत्तर मिळालं की बसायचं. ‘मग आज कसं आठवलं?’ असा पुढचा प्रश्न मालिकेत टाळ्या घेतो. कोर्टात साक्षीदार उत्तर देतो, ‘पोलिसांनी घाईत लिहून घेतलं’, आणि कमावलेलं सगळं परत जातं.

---

मेघदूत७७

वाचनखूण साठवली. ते हातोडा, गीतेवर हात आणि ‘ऑर्डर ऑर्डर’ यांचं पण सांगा कुणीतरी.

---

निशाणी

हातोडा आपल्या कोर्टात नसतो. शपथ १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे तोंडी असते, ईश्वराला स्मरून किंवा सत्यनिष्ठेने, ग्रंथ लागत नाही. ‘माय लॉर्ड’ची सक्ती नाही. बार कौन्सिलने २००६ साली सुचवलंय की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या कोर्टांत ‘सर’ किंवा त्या भाषेतलं तसंच संबोधन. जिल्ह्यांत ‘साहेब’, ‘मॅडम’ चालतं.

अचानक दार उघडून येणारा साक्षीदारही नसतो. सरकार पक्षाच्या साक्षीदारांची यादी दोषारोपपत्रासोबत मिळते. यादीबाहेरचा माणूस आणायचा तर अर्ज द्यावा लागतो, बचाव पक्षाचं म्हणणं घेतलं जातं, मग आदेश होतो. बचाव पक्षावर मात्र आपले साक्षीदार आधीच उघड करण्याचं बंधन तेवढं कडक नाही. ते सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर समन्स मागू शकतात.

---

कालिना_लोकल

मी फक्त मुद्देमालाबद्दल लिहिते, कारण पहिल्या पर्वातली केस त्यावरच उभी आहे. आदित्य मयत मुलीसोबत शेवटचा दिसलेला आहे आणि तिथून पळालेला आहे. चाकू त्याच्याकडे सापडतो.

आधी एक गैरसमज. कायद्यात ज्याला आरोपीच्या निवेदनावरून झालेली जप्ती म्हणतात, जुन्या साक्ष कायद्याचं कलम २७, तिच्याशी या चाकूचा संबंध नाही. तो अंगझडतीत मिळाला. त्यामुळे इथे पाहायचं ते अटक आणि अंगझडती पंचनाम्यात: पंच कोण, ते कुठून आणले, चाकूचं वर्णन काय, लांबी मोजली का, पात्यावर डाग आहेत असं लिहिलं का, आणि जागेवरच सील केलं का.

सीलबद्दल थोडं सविस्तर. वस्तू कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेने सील करून त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लावतात. मग ती मुद्देमाल कारकुनाकडे जाते, रजिस्टरमध्ये नोंद होते, आणि पत्रासह एखादा शिपाई ती कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नेतो. प्रयोगशाळा पोच देते आणि सील शाबूत होतं, नमुन्याशी जुळलं असं अहवालात नोंदवते. साखळीत एवढे हात आहेत आणि बचावाचे प्रश्न प्रत्येक हाताला आहेत. जप्ती ते रवानगी यात किती दिवस गेले? त्या दिवसांत वस्तू कुठे होती? रजिस्टरचा उतारा दाखल आहे का? मुद्देमाल कारकून आणि नेणारा शिपाई साक्षीला आणले का? सीलचा ठसा कुणाच्या ताब्यात राहिला? अनेकदा यातले शेवटचे दोघे तपासलेच जात नाहीत आणि साखळी तिथे उघडी राहते.

पॅकिंगही बघावं. रक्ताने ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. प्लास्टिकमध्ये ओलेच बांधले तर बुरशी येते, डीएनए खराब होतो आणि अहवाल येतो ‘निष्कर्ष काढता आला नाही’. नखांच्या कातरणाही कागदातच, दोन्ही हातांच्या वेगळ्या. डीएनएसाठी रक्त घेताना ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) बाटली.

हत्यार शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून ‘या जखमा या हत्याराने होऊ शकतात का’ असं मत घेतलेलं असायला हवं. दाखवलं नसेल तर चाकू आणि जखमा यांतला दुवाच गळतो. दाखवलं असेल तर पात्याची रुंदी आणि जखमेची लांबी, पात्याची लांबी आणि जखमेची खोली मोजून बघा. खोली पात्यापेक्षा जास्त असली म्हणून लगेच हुरळू नका. पोटासारखा मऊ भाग वार करताना दबतो.

मृत्यूच्या वेळेबद्दल मालिका फार ठामपणे बोलतात. मरणोत्तर ताठरता साधारण बारा तासांत पूर्ण येते, तेवढा वेळ टिकते आणि मग उतरते, पण मुंबईच्या उकाड्यात हे सगळं लवकर होतं. एसी चालू असलेल्या खोलीत उशिरा. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात पंखा, एसी, खिडकी यांची नोंद आहे का हे वकिलाने पाहायचं. ती नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली वेळ काही तास पुढेमागे सरकवता येते.

नव्या संहितेत झडती-जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केलंय आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं ठेवलंय. चित्रीकरण पंचनाम्याशी जुळवून बघा. पंचनाम्यात दोन पंच, चित्रीकरणात एकच, हे फार बोलकं असतं.

---

सावरी

@कालिना_लोकल, फार उपयोगी. सीसीटीव्हीचं काय? मालिकेत पेन ड्राइव्ह दिला की झालं.

---

कालिना_लोकल

प्रमाणपत्राशिवाय नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जालन्याच्या निवडणुकीतून आलेला खटला, २०२०चा निकाल. मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर प्रश्न वेगळा, पण प्रत दिली तर जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ बचं प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ झालंय आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलची डिजिटल ओळखखूण) लिहावी लागते. बचावाचे वकील असाल तर प्रतीची हॅश व्हॅल्यू स्वतः काढून ताडून बघा. आणि डीव्हीआरचं (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचं) घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढेमागे होतं याची नोंद जप्तीच्या वेळी केली का, हे विचारा. दहा मिनिटांचा फरक असला तरी ‘शेवटचे सोबत दिसले’ याची मांडणी बदलते.

---

विधिज्ञा_ना

‘शेवटचे सोबत’ निघालंच आहे तर: परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच निकष १९८४च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातले, पुण्याचा खटला. प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध हवा आणि सगळी साखळी फक्त आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारी हवी. पळून जाणं हे वर्तन म्हणून वाचता येतं, पण घाबरलेला निर्दोष माणूसही पळतो, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केलंय.

आता दुसऱ्या पर्वाकडे, ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’, डिसेंबर २०२०. मला हे पर्व चारही पर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे ‘कोणी मारलं’ हा प्रश्न नाही. नवऱ्यावर वार केल्याचा आरोप असलेली अनुराधा चंद्रा तो वार नाकारत नाही. प्रश्न आहे ‘का’ आणि ते ‘का’ कायद्यात कुठे बसतं.

पहिला दरवाजा खाजगी बचावाचा. भादंविच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) कलम १००मध्ये, आता भारतीय न्याय संहितेच्या ३८मध्ये, जीव घेण्यापर्यंतचा बचाव कधी करता येतो त्याची यादी आहे. त्यात बलात्काराच्या हेतूने हल्ला आहे. पण बलात्काराच्या व्याख्येत नवऱ्याला अपवाद आहे आणि तो नव्या संहितेतही कायम ठेवलाय. त्यामुळे विवाहितेच्या बाबतीत त्या खंडावर उभं राहणं कठीण. त्याच यादीत ‘जबर दुखापतीची वाजवी भीती’ हाही खंड आहे, आणि त्याला विवाहाचा अडसर नाही. मालिकेतल्या वकिलांनी याच्यावर जास्त जोर द्यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. अडचण असते ती तत्क्षणी धोका होता का याची. धोका टळल्यावर केलेला वार या कलमात बसत नाही.

दुसरा दरवाजा गंभीर आणि अकस्मात चिथावणीचा. तो सिद्ध झाला तर खून नाही, सदोष मनुष्यवध. इथे नानावटी खटला उपयोगी येतो.

हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका जड नाही. शक्यतांचं पारडं आपल्याकडे झुकलं की पुरे. आणि ते सरकार पक्षाच्याच साक्षीदारांकडून काढता येतं: घरकाम करणारी बाई, फॅमिली डॉक्टर, मुलगी. डॉक्टरांचे जुने केस पेपर समन्स पाठवून मागवायचे. ‘पडले’ म्हणून नोंदलेल्या जखमा कुठे आहेत ते पाहायचं. जिन्यावरून पडणाऱ्याला दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ येत नाहीत.

लैंगिक छळ हा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५मध्ये स्पष्टपणे हिंसा मानलाय, तिथे नवऱ्याला सूट नाही. तो कायदा दिवाणी स्वरूपाचा असला तरी आधी तिथे तक्रार झालेली असेल तर तो कागद सत्र न्यायालयात मोलाचा ठरतो.

---

लाल_दोरा

नानावटीचं थोडं. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ला प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. बचावाला कार्ल खंडालावाला. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ कौल दिला, न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हाच देशातला शेवटचा ज्यूरी खटला असं सगळीकडे लिहिलं जातं, ते बरोबर नाही. नंतरही काही ठिकाणी ज्यूरी होती. १९७३च्या संहितेत तिला जागाच उरली नाही.

विधिज्ञा_ना म्हणतात त्या दृष्टीने दोन गोष्टी त्या निकालात आहेत. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले, डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, म्हणून चिथावणीचा बचाव फेटाळला. ही बाजू सगळे सांगतात. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की मयताच्या आधीच्या वागण्याने आरोपीची जी मनःस्थिती घडली ती विचारात घेता येते. वर्षानुवर्षं छळ सोसलेल्या बाईच्या वकिलाने हेच वाक्य घेऊन उभं राहायचं.

---

मेघदूत७७

दुसऱ्या पर्वात अनुराधाचं बाळंतपण तुरुंगात असताना होतं, ते नियमात कसं बसतं? आणि जामीन का नाही मिळत?

---

विधिज्ञा_ना

स्त्री, आजारी माणूस, अल्पवयीन यांना गंभीर गुन्ह्यातही जामीन देता येतो असं परंतुक आहे, पूर्वी कलम ४३७, आता ४८०. तिथे ‘देता येईल’ आहे, ‘द्यावाच’ नाही. साक्षीदार त्याच घरातली मुलगी असेल तर सरकार पक्ष दबावाचा मुद्दा घेतो. त्यावर उपाय, वेगळ्या पत्त्यावर राहण्याची आणि मुलीशी संपर्क न ठेवण्याची अट आपणच अर्जात सुचवायची.

बाळंतपणाबद्दल २००६च्या आर. डी. उपाध्याय निकालातल्या सूचना आहेत. शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात प्रसूतीची सोय, जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकतं. या सगळ्यासाठी वकिलाने अर्ज देत राहावं लागतं, आपोआप फार थोडं घडतं.

---

पाटीपेन्सिल

तिसऱ्या पर्वाबद्दल, ‘अधूरा सच’, २०२२. आरोपी अल्पवयीन. बाल न्याय कायदा, २०१५ इथे लागू होतो, आणि बचावाच्या वकिलाचं पहिलं काम वय सिद्ध करणं. क्रम कायद्यातच ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. दाखला असताना चाचणी मागितली तर हरकत घ्यायची.

अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, निरीक्षणगृहातच. नाव, फोटो, शाळा छापता-दाखवता येत नाही. मालिकेत माध्यमांचा जो गदारोळ आहे तो प्रत्यक्षात स्वतंत्र गुन्हा ठरतो, आणि वकिलाने त्याविरुद्ध पहिल्याच आठवड्यात अर्ज द्यायला हवा.

सोळा ते अठरा वयात घृणास्पद गुन्हा असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, कोणत्या परिस्थितीत घडलं. मुदत पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिने. यात गुन्हा केला की नाही हे ठरवायचं नसतं, हे वकिलाने मंडळापुढे पुन्हा पुन्हा मांडावं लागतं. मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं आवश्यक, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये सांगितलं. अहवालाची प्रत मागून घ्या आणि तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची परवानगी मागा. प्रकरण बाल न्यायालयात गेलं तरी फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

---

सावरी

माधव मिश्रा पोलीस स्टेशनच्या आवारात अशिलं शोधतात. ते चालतं? आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करायचं?

---

निशाणी

चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत अशिलं गोळा करायला, स्वतः किंवा दलालामार्फत, मनाई आहे. ‘सुटलास तर इतके दे’ अशी निकालावर ठरणारी फीही घेता येत नाही. उलट बाजूने, गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी आरोपीचा बचाव करणं हे त्याच नियमांत कर्तव्य म्हणून लिहिलंय. एखाद्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे वकील संघांचे ठराव २०१०च्या ए. एस. मोहम्मद रफी निकालाने बेकायदा ठरवलेत.

पैसे नसतील तर, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. स्त्रिया आणि मुलांनाही तसंच. कसाबच्या अपिलात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिल्यांदा हजर केल्यावर दंडाधिकाऱ्याने हा हक्क आरोपीला समजावून सांगितलाच पाहिजे. २०२२पासून अनेक जिल्ह्यांत फक्त बचावाचंच काम करणाऱ्या पूर्णवेळ वकिलांचं कार्यालय सुरू झालंय. तुरुंगातही विधी सेवा केंद्र असतं, तिथे अर्ज करता येतो. नातेवाइकांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात सोबत न्यायचं ते एवढंच: पोलीस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक, कलमं, आणि पुढची तारीख.

---

कथानक

मी मालिकांसाठी लिहितो, त्यामुळे थेट विचारतो. परदेशी मालिकांत आरोपी स्वतः पिंजऱ्यात साक्ष देतो तो कळसाचा प्रसंग असतो. आपल्याकडे त्याच्या जागी काय ठेवता येईल?

---

रोजनामा

कलम ३१३चा जबाब. नव्या संहितेत ३५१. दुर्दैवाने आपल्या मालिका त्याकडे बघतही नाहीत.

सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार झाले की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. त्याच्याविरुद्ध जे जे आलं ते एकेक करून समोर ठेवतात: ‘या साक्षीदाराच्या पुराव्यात असे आले आहे की... याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे?’ शपथ नसते, उलटतपास नसतो. महिनोन्‌महिने मागे बसलेला माणूस पहिल्यांदा न्यायाधीशांशी थेट बोलतो. बहुतेक जण प्रत्येकाला ‘खोटे आहे’ म्हणतात आणि संधी वाया घालवतात.

चांगला वकील आधी तयारी करून घेतो. प्रश्नावली मोठी असेल तर लेखी निवेदन दाखल करता येतं. ‘शेवटचे सोबत दिसलात’ या प्रश्नाला नुसता नकार धोक्याचा, कारण सोबत असणं सिद्ध झालं तर खोटं उत्तर साखळीतला जादा दुवा म्हणून वाचलं जाऊ शकतं. ‘होय, सोबत होतो, एवढ्या वाजता झोपलो, उठलो तेव्हा ती मेलेली होती, घाबरून पळालो’ हे सुसंगत उत्तर असेल आणि उलटतपासातल्या सूचनांशी जुळत असेल तर त्याला वजन येतं. एखादी परिस्थिती आरोपीपुढे ठेवलीच गेली नाही, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हेही सारडा निकालातच आहे. म्हणून प्रश्न चालू असताना वकिलाने आपल्या यादीवर खुणा करत बसायचं आणि कोणता मुद्दा विचारायचा राहिला ते न बोलता टिपून ठेवायचं.

आरोपीला शपथेवर साक्ष द्यायचीच असेल तर ती त्याच्या स्वतःच्या लेखी विनंतीवरच, आणि मग सरकारी वकिलाचा उलटतपास खुला. सरकार पक्ष त्याला बोलावू शकत नाही, आणि तो आला नाही यावर टिप्पणीही करू शकत नाही. पटकथेत ती विनंती लिहायची की नाही, यावर वकील आणि अशील कोठडीत बोलताहेत असा प्रसंग ठेवा. खटल्याचा सर्वात अवघड निर्णय तोच असतो.